नायकुंडची भट्टी ते इलेक्ट्रॉनची लेखणी : काजळीतून घडलेल्या तंत्राचा इतिहास

१/
नागपूरच्या उत्तरेला, पेंच नदीच्या काठी नायकुंड नावाचे गाव आहे. सुमारे २७०० वर्षांपूर्वी येथे लोखंड तयार होत असे. आज जगातील काही प्रयोगशाळांत इलेक्ट्रॉनच्या बारीक झोताने धातूच्या तारा, मनोरे आणि कमानी उभारल्या जातात. त्यांची जाडी केसाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. या दोन्ही कृतींत एकच पदार्थ कळीचा आहे : कार्बन. साध्या शब्दांत, कोळसा आणि काजळी. आजचा धागा त्याविषयी. थोडा लांब आहे, सवडीने वाचा.

२/
आधी नायकुंड. विदर्भात, विशेषतः नागपूरच्या आसपास, शिळावर्तुळांची फार मोठी संख्या आहे. जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा ही नावे इतिहासप्रेमींच्या परिचयाची असतील. मोठमोठे दगड गोलाकार मांडून त्यांच्या आत मृतांचे अवशेष आणि त्यांच्या वस्तू पुरणारे हे लोक लोखंड वापरत. कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या, घोड्याचे लगाम अशा अनेक वस्तू या वर्तुळांत सापडल्या आहेत. माहुरझरीला तर घोड्याच्या मस्तकावर चढवायचा तांब्याच्या पत्र्याचा अलंकारही मिळाला.

३/
प्रश्न असा होता की हे लोखंड आले कोठून? बाहेरून विकत घेतलेले, की येथेच केलेले? १९७८ ते १९८० या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या मार्गदर्शनाखाली नायकुंडला उत्खनन झाले आणि उत्तर हाती आले. वस्तीच्या जागेत मातीच्या वक्र विटांनी बांधलेली एक लहानशी गोल भट्टी सापडली. भात्याची हवा आत सोडणाऱ्या मातीच्या नळ्या सापडल्या. आणि सापडला धातुमळ, म्हणजेच लोखंड वेगळे झाल्यावर उरलेला काळा, काचेसारखा कीट.

४/
येथे क्षणभर थांबून एक गोष्ट लक्षात घेऊ. लोखंडाच्या वस्तू हे लोखंड वापरल्याचे पुरावे आहेत. लोखंड त्याच जागी तयार केल्याचा पुरावा मात्र कीट देतो. वस्तू गावोगाव फिरतात, वारसाहक्काने जातात, मोडून पुन्हा घडवल्या जातात. कीट मात्र कोणी उचलून नेत नाही. त्या काळच्या कारागिराने जे निरुपयोगी म्हणून टाकले, त्यावरच आज इतिहासकार उभा आहे. टाकाऊ गोष्टीकडे असे पाहण्याची सवय पुढील संपूर्ण कथेत आपल्या उपयोगी पडेल.

५/
भट्टीत घडत काय होते? खनिजात लोह आणि ऑक्सिजन एकमेकांना धरून असतात. लाकडी कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू निर्माण होतो. हा वायू खनिजातील ऑक्सिजन हिरावून घेतो आणि लोह मोकळे होते. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस तापमान लागते. तेवढी धग या भट्टीत नव्हती. लोखंड न वितळता सच्छिद्र गोळ्याच्या रूपात तळाशी साचे, कीट मात्र वितळून बाहेर पडे. गोळा तापवून ठोकला की उरलासुरला कीटही निघून जाई. सूत्र साधे होते : कार्बनने ऑक्सिजन न्यायचा आणि धातू मागे ठेवायचा.

६/
आता आपण इंग्लंडला, १८८९-९० च्या सुमारास जाऊ. लुडविग माँड या मूळच्या जर्मन रसायनतज्ज्ञाच्या सोड्याच्या कारखान्यात निकेलच्या झडपा वारंवार खराब होत होत्या. कारण शोधता शोधता माँड, लँगर आणि क्विन्के यांना दिसले की वायूत मिसळलेला कार्बन मोनॉक्साइड निकेलला चक्क वायुरूप देऊन उचलून नेतो. हे निकेल कार्बोनिल. तोच वायू तापलेल्या काचेच्या नळीतून नेला, तर निकेल पुन्हा मागे पडते आणि काचेवर आरसा चढतो.

७/
पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, लोखंडाचेही असेच संयुग हाती आले : आयर्न पेंटाकार्बोनिल. लोहाच्या एका अणूभोवती कार्बन मोनॉक्साइडचे पाच रेणू. नायकुंडच्या भट्टीत ज्या वायूने लोखंड मोकळे केले, तोच वायू येथे लोखंडाला बिलगून त्याला वाफेच्या रूपात वाहून नेतो. धातूची वाफ हवी त्या जागी नेऊन तेथे तिच्यातून धातू सोडवता येतो, हे जगाला कळले. माँड यांच्याकडे सोडवण्याचे साधन उष्णता होते. इलेक्ट्रॉनची पाळी अजून यायची होती. किंबहुना इलेक्ट्रॉनचा शोधच १८९७ चा.

८/
१९३१ मध्ये बर्लिनमध्ये माक्स क्नोल आणि अर्न्स्ट रुस्का यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभा केला. प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत आणि काचेच्या भिंगाऐवजी चुंबकीय भिंग. दोनच वर्षांत रुस्का यांच्या उपकरणाने प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा ओलांडली. या कामाचे नोबेल त्यांना १९८६ मध्ये, म्हणजे अर्ध्या शतकानंतर मिळाले. भारतात कलकत्त्याला नीरजनाथ दासगुप्त यांनी चाळीसच्या दशकाच्या उत्तरार्धात स्वतः असा सूक्ष्मदर्शक उभारला, हेही येथे नोंदवले पाहिजे.

९/
नव्या डोळ्याबरोबर एक नवे दुखणेही आले. नमुन्यावर झोत काही वेळ स्थिर ठेवला की त्या जागी काळपट थर चढू लागे. बारीक कडा जाड दिसू लागत, छिद्रे बुजत. जे पाहायचे तेच पाहता पाहता झाकले जाई. कंदिलाची काच काजळी धरते तसे काहीसे. फरक एवढाच की येथे काजळी नेमकी तेथेच धरत होती जेथे आपण पाहत होतो.

१०/
या थराची नोंद आर. एल. स्ट्युअर्ट यांनी १९३४ मध्येच केली होती : निर्वात नळीत इलेक्ट्रॉन आणि आयनांचा मारा झालेल्या पृष्ठभागावर विद्युतरोधक पापुद्रे तयार होतात. १९४७ मध्ये जे. एच. एल. वॉटसन यांनी काजळीच्याच कणांवर इलेक्ट्रॉनच्या माऱ्याचा परिणाम अभ्यासला. १९४८ मध्ये जेम्स हिलियर यांनी नमुन्यावर बसणाऱ्या या मळाची पद्धतशीर तपासणी केली. सगळ्यांच्या मनातील प्रश्न एकच होता : हा मळ येतो कोठून?

११/
त्याचे सविस्तर उत्तर ए. ई. एनॉस यांनी १९५३-५४ मध्ये दिले. आपण ज्याला निर्वात म्हणतो तो खरोखर रिकामा नसतो. पंपाच्या तेलाची वाफ, सांध्यांना लावलेले ग्रीस, हाताळताना लागलेला तेलकटपणा यांचे रेणू आत भटकत असतात. ते नमुन्यावर येऊन क्षणभर बसतात आणि उडून जातात. बसलेल्या क्षणी इलेक्ट्रॉन आदळला, तर रेणू तुटतो. त्याचा काही भाग वायू होऊन निघतो आणि कार्बन मात्र तेथेच कायमचा चिकटतो. त्याची जागा घ्यायला नवा रेणू येतो. असा थर वाढत राहतो.

१२/
कारण कळले तसे उपायही निघाले. नमुना तापवा म्हणजे रेणू बसणारच नाहीत. नमुन्याभोवती अतिथंड पत्रा ठेवा म्हणजे वाफ तिकडेच गोठेल. तेल बदला, पंप सुधारा. पुढील कित्येक वर्षे सूक्ष्मदर्शक वापरणाऱ्या प्रत्येकाने या मळाशी लढाई केली. ही लढाई आवश्यकच होती. पण लक्षात घ्या, याच काळात एका नव्या तंत्राचे सगळे घटक त्यांच्या डोळ्यांसमोर होते : वाफ, पृष्ठभाग, बारीक झोत आणि झोताच्या जागीच वाढणारा घन पदार्थ. त्या सर्वांना तंत्र म्हणून पाहणारा डोळा तेवढा अजून आला नव्हता.

१३/
तो डोळा हळूहळू आला. २९ डिसेंबर १९५९ रोजी कॅलिफोर्नियात रिचर्ड फाइनमन यांनी आपल्या सुप्रसिद्ध व्याख्यानात विचारले, की अख्खा ब्रिटानिका ज्ञानकोश टाचणीच्या माथ्यावर का लिहू नये? इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची भिंगे उलटी वापरून बारीक लिहिण्याची कल्पना त्यांनी मांडली. १९६० मध्ये आर. डब्ल्यू. क्रिस्टी यांनी तेलाच्या वाफेतून असा थर किती वेगाने वाढेल याचे गणित दिले. ज्याचा वेग मोजता येतो, त्यावर ताबा मिळवता येतो. मळ आता ‘उपद्रव’ या सदरातून ‘प्रक्रिया’ या सदरात सरकू लागला.

१४/
१९६१ मध्ये ए. जी. बेकर आणि डब्ल्यू. सी. मॉरिस यांनी पुढचे पाऊल टाकले. तेलाच्या वाफेऐवजी त्यांनी धातू असलेल्या सेंद्रिय संयुगाची वाफ आत सोडली. इलेक्ट्रॉनने रेणू तोडला आणि धातूचा थर मिळाला. माँड यांच्या तापलेल्या नळीचे काम आता इलेक्ट्रॉन करू लागला. उष्णता पसरते, इलेक्ट्रॉनचा झोत मात्र एका बिंदूवर आणता येतो. धातू कोठे ‘उगवावा’ हे ठरवण्याची शक्यता येथून खुली झाली.

१५/
१९७६ मध्ये आयबीएमच्या ॲलेक ब्रोअर्स आणि सहकाऱ्यांनी एक सुंदर युक्ती केली. सोने-पॅलेडियमच्या पातळ थरावर त्यांनी इलेक्ट्रॉन झोताने त्याच कुप्रसिद्ध मळाची रेघ ओढली. मग उघडा राहिलेला धातू आयनांच्या माऱ्याने खरवडून काढला. मळाखाली झाकलेला धातू तेवढा वाचला. उरली ती ८ नॅनोमीटर रुंदीची धातूची तार. माणसाचा केस साधारण ७० ते ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून कल्पना करा. ज्या मळाने चित्रे बिघडवली, तोच त्या काळच्या अत्यंत बारीक धातुरेषांचे कवच ठरला.

१६/
ऐंशीच्या दशकात हे तंत्र स्वतःच्या पायावर उभे राहिले. जपानमध्ये शिंजी मात्सुई आणि मोरी यांनी १९८४ मध्ये इलेक्ट्रॉन झोताने निवडक जागी धातू निक्षेपित करण्याची पद्धत मांडली. जर्मनीत हान्स कूप्स आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अतिसूक्ष्म रचनांचे काम प्रसिद्ध केले. आज या तंत्राला ‘केंद्रित इलेक्ट्रॉन झोताद्वारे निक्षेपण’ म्हणता येईल. नाव लांबलचक आहे, कृती मात्र सुटसुटीत : केसाहून थोड्या मोठ्या छिद्राच्या सुईतून धातुसंयुगाची वाफ पृष्ठभागाजवळ सोडायची आणि झोत हवा तसा फिरवायचा.

१७/
झोत एका जागी थांबला, तर खांब उभा राहतो. अगदी सावकाश बाजूला सरकला, तर खांबाला तिरकी फांदी फुटते. दोन फांद्या वर भेटल्या की कमान होते. ना साचा, ना कोरीवकाम. २०१६ मध्ये फाउल्क्स, प्लँक, रॅक आणि सहकाऱ्यांनी अशी त्रिमितीय रचना आधी संगणकावर बेतून मग तशीच उभारण्याची पद्धत दाखवली. गवंडी आधी नकाशा काढतो, मग भिंत चढवतो. तसेच येथे झाले.

१८/
एक बारकावा मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे. रेणू तोडण्याचे बरेचसे काम मूळ झोतातील वेगवान इलेक्ट्रॉन करत नाहीत. ते पृष्ठभागात शिरले की तेथून मंद गतीचे दुय्यम इलेक्ट्रॉन बाहेर उडतात आणि रेणू तोडण्यात त्यांचा वाटा मोठा असतो. ते थोडे आजूबाजूलाही पसरतात. म्हणून रचना झोतापेक्षा जाड होते. तरीही २००५ मध्ये डेल्फ्टचे वान डॉर्प, हागेन, क्रॉइट आणि सहकाऱ्यांनी टंगस्टन कार्बोनिलपासून सरासरी सुमारे १ नॅनोमीटर व्यासाचे ठिपके उमटवून दाखवले. एवढ्या ठिपक्यात मोजकेच अणू मावतात.

१९/
आता खरी अडचण. प्लॅटिनमच्या नेहमीच्या संयुगापासून अशी तार वाढवली, तर तिच्यात प्लॅटिनमचे अणू साधारण १५ टक्केच असतात. बाकी बहुतेक कार्बन. ‘धातूची तार’ म्हणून जी दिसते, ती खरे तर धातूचे कण पेरलेली काजळी असते. १९५३ मध्ये एनॉस यांनी ओळखलेला जुना पाहुणा येथे पुन्हा हजर आहे. रेणू तुटला तरी त्याचे कार्बनचे तुकडे निघून जात नाहीत. ते धातूबरोबरच अडकतात.

२०/
त्यावर निघालेला एक उपाय वाचताना नागपूरकराला नायकुंड आठवल्याशिवाय राहू नये. २०१४ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे प्लँक यांच्या गटाने अशा प्लॅटिनमच्या रचनेवर पाण्याची वाफ सोडून पुन्हा इलेक्ट्रॉनचा मारा केला. पाण्यातील ऑक्सिजनने कार्बनला धरले आणि वायुरूपात बाहेर नेले. प्लॅटिनम मागे राहिले. नायकुंडला कार्बनने ऑक्सिजन नेला होता. येथे ऑक्सिजनने कार्बन नेला. सूत्र तेच, फक्त दोन्ही पात्रांनी भूमिका बदलल्या आहेत.

२१/
सर्वच धातूंची अशी तक्रार नसते. कोबाल्टच्या कार्बोनिलमधून योग्य परिस्थितीत ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध कोबाल्ट मिळतो. स्पेनमधील सारागोसा येथे फर्नांडेझ-पाचेको, दे तेरेसा आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अशा चुंबकीय तारांवर महत्त्वाचे काम केले. आणि १८९१ चे ते आयर्न पेंटाकार्बोनिल? तेही आज याच कामासाठी वापरले जाते. विदर्भातील कारागीर ज्या धातूसाठी भाता फुंकत होते, तो लोहच आज इलेक्ट्रॉनच्या टोकाशी वाढतो.

२२/
कथेत आणखी एक वळण आहे. जर्मनीतील फ्रँकफर्टच्या मायकेल हूथ यांच्या गटाने विचार केला, की कार्बन काढायचाच कशाला? कार्बनमध्ये विखुरलेल्या धातूकणांतील अंतर किंचित जरी बदलले, तरी विद्युतरोध लक्षणीय बदलतो. म्हणजे वस्तू किंचित वाकली की ते लगेच कळते. अशा ‘अशुद्ध’ रचनेपासून ताण मोजणारे अतिसूक्ष्म संवेदक तयार झाले. मळाचा आधी उपद्रव झाला, मग त्याचे कवच झाले, आणि आता तोच मोजमापाचे साधन झाला.

२३/
व्यवहारात याचा उपयोग काय? चिप तयार करताना तिचा नकाशा एका मास्कवर कोरलेला असतो आणि प्रकाशाने तो सिलिकॉनवर उतरवला जातो. त्या मास्कमध्ये एक सूक्ष्म दोष राहिला, तर तो त्यावरून छापल्या जाणाऱ्या प्रत्येक चिपमध्ये उतरतो. एवढा महागडा मास्क फेकून कसा द्यायचा? इलेक्ट्रॉन झोताने गाळलेली जागा भरून काढता येते आणि, वाफ बदलली तर, नको असलेला ठिपका खोडताही येतो. कूप्स यांच्या कामातून पुढे आलेली अशी दुरुस्तीयंत्रे आज झाइस कंपनी बनवते.

२४/
मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हे तंत्र फार संथ आहे. एकेक रचना एकेका झोताने वाढवावी लागते. लाखो वस्तू एकदम काढण्याचा हा मार्ग नव्हे. म्हणूनच ते दुरुस्ती, संशोधन आणि एखाद-दुसऱ्या खास उपकरणापुरते राहिले आहे. भव्य कारखान्यापेक्षा सोनाराच्या पेढीशी त्याचे नाते अधिक जवळचे : एक कारागीर, एक वस्तू, आणि हातात अतिशय बारीक हत्यार.

२५/
मग हे तंत्र ‘शोधले’ कोणी? स्ट्युअर्ट यांनी, ज्यांना ते पापुद्र्याच्या रूपात दिसले? एनॉस यांनी, ज्यांनी त्याचे कारण सांगितले पण ते घालवण्यासाठी? बेकर-मॉरिस यांनी, ज्यांनी त्यात धातू आणला? की मात्सुई आणि कूप्स यांनी, ज्यांनी त्याला साधनाचे रूप दिले? परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत एक नाव आणि एक सन लिहावे लागते. इतिहासात मात्र अनेकदा असे घडते की घटना आधी घडून जाते आणि तिला शोध म्हणणारी नजर पन्नास वर्षांनी येते.

२६/
नागपूरच्या तरुण वाचकांसाठी एक शेवटची गोष्ट. आपल्या शहरात विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहेत. धातू, खनिजे, मिश्रधातू यांचे नमुने त्यांखाली तपासले जातात. अशा कोणत्याही उपकरणात झोत एकाच जागी फार वेळ ठेवला, तर तो काळसर चौकोन आजही उमटू शकतो. कधी संधी मिळाली आणि तो दिसला, तर पुसून टाकण्यापूर्वी नीट पाहा. १९३४ पासून सुरू झालेला एक मोठा इतिहास त्या डागात आहे.

२७/
आणि नायकुंड, माहुरझरी किंवा जुनापाणीला गेलात, तर जमिनीवर पडलेला काळा, जड, बुडबुड्यांनी भरलेला दगड उचलू नका, जागेवरून हलवू नका. जेथे आहे तेथेच त्याचे छायाचित्र घ्या. तो कीट असू शकतो. वस्तू संग्रहालयात जातात आणि त्यांचे कौतुक होते. कीट शेतात नांगराखाली जातो. पण भट्टी कोठे होती, हे सांगणारा साक्षीदार तोच आहे. तो जागेवरून हलला की त्याची साक्षही संपली.

धागा आवडला असेल तर पुढे पाठवा. आपल्या गावाच्या शिवारात असे कीटाचे ढीग किंवा शिळावर्तुळे असतील, तर खाली गावाचे नाव अवश्य लिहा.